थोरला, धाकटा आणि दाजींचा कान

माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, मला समोरून येताना पाहिलं की अजूनही आधी उजव्या कानावर हात ठेवतात आणि मग रामराम घालतात. नव्या पाहुण्यांना हा त्यांच्या भावकीतला काही रिवाज वाटतो. रिवाज कसला, माझ्या नोकरीचे परिणाम आहेत ते. सांगायचा आता कंटाळा आलाय खरा. दर लग्नाच्या पंगतीत कोणीतरी ही गोष्ट मागतं आणि मी मठ्ठ्याचा द्रोण हातात धरून सांगत बसतो. एकदा लिहून टाकली की सुटलो.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीत कॉम्प्युटर खात्याला होतो. खातं म्हणजे मी. त्यातला साहेब मी, शिपाई मी, आणि खात्याची सहल निघाली असती तर तिच्यात एकटा गाणी म्हणत जाणाराही मीच. गाव इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याजवळ. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, काठी तेवढी राहिली. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक मुलगा शेतीला ठेवला आणि एक शिक्षणाला सोडला. सोडलेला तो मी. पाठचा भाऊ तरकारी पिकवून बारामतीच्या मार्केट यार्डात घालायचा. त्याच्या वांग्यांना गावात नाव होतं. माझ्या कामाला गावात शब्दच नव्हता. ‘थोरला डेरीत असतो’ एवढंच. मी धारा काढतो असा बऱ्याच जणांचा समज होता, आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही. धारा काढणं समजावून सांगायला सोपं होतं.

डेअरीत गावोगावचं दूध कॅनमधून यायचं. टेम्पो धक्क्याला लागला की कॅन उतरायचे, वजन व्हायचं, नमुना लॅबला जायचा, फॅट निघायची, आणि हे सगळं त्या त्या जागच्या पडद्यावर टाइप झालं की मगच दूध टाकीत सोडायचं. नोंद आधी हवीच. एकदा टाकीत मिसळलं की अंथुर्ण्याचं कुठलं आणि भिगवणचं कुठलं, हे प्रत्यक्ष गाईलाही सांगता यायचं नाही.

ह्या नोंदी साठवणारे सर्व्हर दोन होते. मुंबईच्या हेड ऑफिसनं त्यांना इंग्रजी नावं दिली होती, ती धक्क्यावरच्या लोकांनी बघता बघता मोडीत काढली. आधी आला तो थोरला, मागून आला तो धाकटा. दोघांच्या पुढं एक तिसरा, अंगानं बारका कॉम्प्युटर बसवला होता. त्याच्या पोटात मुंबईवाल्यांचा एक प्रोग्राम होता. त्याला ते लोड बॅलन्सर म्हणत. धक्क्यावरून, लॅबमधून, गेटवरून येणारं काम दोन्ही सर्व्हरांत वाटून द्यायचं, एकावर फार बोजा आला की दुसऱ्याकडं वळवायचं, एवढाच त्याचा धंदा. धक्क्याचे मुकादम, ज्यांना लहानथोर सगळे तात्या म्हणायचे, त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “मंजी ह्यो पाटकरी हाय की!”

झालं. पाटकरी. कालव्यावर कुणाच्या चारीला कधी पाणी सोडायचं हे ज्याच्या हातात असतं, तो पाटकरी. आमच्या भागात देवाला नमस्कार चुकला तर चालतो, ह्याचा चुकून चालत नाही.

तर हा पाटकरी दर काही सेकंदांनी दोघांनाही हाळी द्यायचा, ‘हाय का?’ थोरला म्हणायचा ‘हाय’. धाकटा म्हणायचा ‘हाय’. एखाद्याकडून ‘हाय’ आलं नाही की गडी पडला असं समजून पाटकरी सगळं काम दुसऱ्याकडं वळवायचा. धक्क्यावर कुणाला पत्ताही लागायचा नाही. ह्याला फेलओव्हर म्हणतात. हा भाग फार देखणा. कोणी बडे पाहुणे आले की आमचे मॅनेजर साहेब मला मुद्दाम थोरल्याची वायर उपटायला लावायचे. काम चालूच राहतं हे पाहून पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि जेवायला जायचे. खरी हमाली त्यानंतर सुरू व्हायची. तिला फेलबॅक म्हणतात, आणि ती बघायला आजवर एकही पाहुणा थांबलेला नाही.

फेलबॅक म्हणजे पडलेल्याला उठवून परत त्याच्या जागेवर बसवणं. तो पडलेला असताना जे टेम्पो आले, जी फॅट लागली, ते सगळं फक्त दुसऱ्याला ठाऊक असतं. ते राहिलेलं आधी ह्याच्या कानावर घालायचं. त्याला सगळं कळलं का ते तपासायचं. मग पाटकऱ्याला सांगायचं, की आता ह्याच्याकडं थोडं काम सोड. टिकला तर निम्मं. ह्याला वेळ लागतो आणि माणूस लागतो. माणूस म्हणजे पुन्हा मीच.

एमआयडीसीतली वीज मनाला येईल तेव्हा जायची. यूपीएस होता, पण तो स्वतःच आजारी. जनरेटर धडधडायच्या आत थोरला हमखास आडवा व्हायचा. मग मी कुठंही असेना, जेवत असेना, न्हाव्याकडं एका गालाची दाढी झालेली असेना, डेअरीचा माणूस मोटारसायकलवरून येऊन पुढ्यात उभा: “थोरलं पडलं, चला.” बारामतीतल्या माझ्या घरमालकिणीला कितीतरी महिने वाटत होतं, की माझ्या घरी फिट येणारं कुणी म्हातारं माणूस आहे. एकदा तिनं घाईघाईनं फोडलेला कांदा आणून माझ्या हातात दिला. “हुंगवा त्येंना.” तो कांदा मी थोरल्यासमोर बसून भाकरीबरोबर खाल्ला.

असं दोन वर्षं चाललं. थकवा हाडात मुरला होता. बसलो की डोळा लागायचा. एकदा डेअरीतल्या कुणाला तरी सोडायला बारामती स्टेशनात गेलो, गाडीत सामान ठेवून क्षणभर टेकलो, आणि दौंड पाहून परत आलो.

अशात बहिणीचं लग्न ठरलं. म्हणजे ठरलं हे मला नंतर कळलं. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा मी थोरल्यापाशी. सुपारी फुटली तेव्हा मी थोरल्यापाशी. साखरपुड्याला पोचलो तेव्हा पाहुणे जीपमध्ये बसत होते. मी जीपच्या खिडकीपाशी हात जोडले आणि त्यांनी मला ड्रायव्हरचा ओळखीचा समजून रामराम केला. बहीण त्या दिवशी एवढंच म्हणाली, “दादा, तुझी खरी भावकी तितंच दिसती.”

मुहूर्त गोरजाचा, दारात मांडव. आमच्यात फेऱ्यांच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. आमच्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ आमच्याशी, असा त्याचा अर्थ. नवरदेव कळवळल्याचं सोंग करतो, बायका हसतात, आणि कान पिळणाऱ्याला मानाचा फेटा बांधतात. सगळा मिळून चिमूटभर कार्यक्रम. पण आण्णांनी तो महिनाभर आधीच लावून धरला.

“कान थोरल्यानंच पिळायचा,” आण्णा म्हणाले. “धाकट्यानं पिळला तर पाव्हणं म्हणत्याल, हेंच्यात थोरलं हाय का मेलं?”

भाऊ मांडवाच्या जागेवर दोरी धरून मापं घेत होता. तिथूनच म्हणाला, “मी मांडव घालतो, आचारी सांगतो, पाण्याचा टँकर आणतो, वाजंत्री आणतो. तू आपला कानापुरता ये, दादा.”

“आन् तेवढ्याला बी आला न्हाईस,” बहीण आतून म्हणाली, “तर मी फेरं घेणार न्हाय. बसून ऱ्हाईन पाटावर.”

हसत म्हणाली. पण तिचं ते हसणं मी लहानपणापासून ओळखतो. ते पुढच्या धपाट्याच्या आधीचं असायचं. तिच्या लग्नातलं मला एवढं एकच काम उरलं होतं. बाकी सगळ्याला मी मुकलो होतो. ह्याला मुकायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, “जा की. पण तुमच्या जागी कोण?”

“कुणी लागणार नाही साहेब. आपोआप होईल.”

“काय आपोआप होईल?”

“थोरला पडला तर धाकटा सांभाळेल. थोरला उठला, की पाटकरी आपणहून त्याला परत काम देईल.”

“मग इतके दिवस का नाही केलं असं?”

ह्यावर मी हसलो. साहेबही हसले. आम्ही दोघं कशाला हसलो, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

न करण्याचं कारण साधं होतं. पाटकऱ्याच्या प्रोग्रामात तशी सोय होती, पण मुंबईवाल्यांनी ती चालू करू नका म्हणून बजावलं होतं. पाटकरी फक्त ‘हाय का?’ एवढंच विचारतो. ‘तुला राहिलेलं सगळं कळलं का?’ हे तो विचारत नाही. उठलेल्यानं डोळे चोळत ‘हाय’ म्हटलं रे म्हटलं, की हा त्याच्या अंगावर पाणी सोडून मोकळा. मला हे ठाऊक होतं. पण मला कानही ठाऊक होता. लग्नाच्या दोन दिवसांत थोरला असा कितीदा पडणार, असं म्हणत मी ती सोय चालू केली, पाटकऱ्याच्या डोक्यावर थोपटलं आणि इंदापूरची एसटी पकडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी दारात हळद चालू होती. मावश्या-आत्यांनी मलाही सोडलं नव्हतं. कपाळ, गाल, कानाच्या पाळ्या, सगळा पिवळा झालो होतो. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली आणि तात्या उतरले. आण्णांना वाटलं, डेअरीकडून मानाचं कुणी लग्नाला आलंय. त्यांनी तात्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. तात्या बिचारे सज्जन. खाल्ल्याशिवाय निरोप सांगणं त्यांना बरं दिसेना. पोहे संपवले, वर चहा घेतला, मिशी पुसली आणि मग म्हणाले, “सायेब, थोरलं पडलंय.”

“आगं बया! कोण पडलं?” आत्या.

“पडलं तर धाकटा हाय की तात्या,” मी म्हणालो.

“नुसतं पडलं आसतं तर म्या कशाला आलो आसतो? पडतंय आन् उठतंय. उठतंय आन् पडतंय. पाटकरी पार येडा झालाय. गाडी धक्क्याला लागल्याली, कॅन उतरल्यालं, वजन झाल्यालं, आन् पडदा म्हणतोय, ही गाडी आलीच न्हाय! ड्रायव्हर मला म्हणतोय, तात्या, मग मी हाय का न्हाय, तेवढं तरी इचारा त्येला.”

“लाइन किती हाय?”

“गेटाच्या भाईर. ऊन चढलं की दूध नासंल.”

माझ्या लक्षात आलं. थोरल्याच्या पोटातला वीज पुरवणारा डबा गेला असणार. तापला की थोरला पडायचा, जरा निवला की आपणहून उठायचा. उठला की ‘हाय’ म्हणायचा, आणि माझ्या कृपेनं पाटकरी त्याला लगेच काम द्यायचा. म्हणजे गाडीचं वजन धाकट्याकडं, फॅट थोरल्याकडं, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडायच्या आत थोरला पुन्हा आडवा.

मी उठलो. बहीण उंबऱ्यात उभी होती, पिवळ्या तोंडानं. मी म्हणालो, “गोरजाला लई अवकाश हाय. गेलो आन् आलो.” तिनं फक्त स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून मला दाखवली.

तात्यांच्या मागं बसून बारामती गाठली. अंगाची हळद धुवायला वेळ मिळाला नव्हता. गेटाबाहेरच्या टेम्पोवाल्यांनी मला लांबूनच ओळखलं.

“आला, आला! नवरदेव आला!”

“वाजंत्री कुठंय रं?”

“सायेब, आमच्या दुधाला बी लावा थोडी हळद, तेवढंच टिकंल!”

मी मान खाली घालून आत गेलो. काम खरं तर काडीचं होतं. पाटकऱ्याची ती आपोआपची सोय बंद केली आणि त्याला बजावलं, थोरला कितीही ‘हाय हाय’ म्हणाला तरी त्याच्याकडं थेंब सोडू नकोस. बस. सगळं काम धाकट्याकडं गेलं आणि धक्का हलायला लागला. ज्या गाड्यांची नोंद अर्धी इकडं अर्धी तिकडं झाली होती, त्यांची वजनं तात्यांनी ओरडून ओरडून परत घेतली. लाइन गेटाच्या आत आली. मग आवारातच मावली. दूध वाचलं.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“झालं.”

“मग चला, सोडतो तुमाला. आंगुळ करून अक्षताला हुबं ऱ्हावा.”

इथं माझी खरी करामत सुरू होते. तोवर मी नुसता बेजबाबदार होतो. मूर्खपणा अजून व्हायचा होता.

दाराकडं तोंड करून मी उभा होतो. धाकटा एकटा सगळा बोजा ओढत होता आणि कण्हतही नव्हता. आठवडाभर ओढला असता. मुंबईवाल्यांचंही हेच सांगणं असायचं, की चाललंय ना, मग चालू द्या, सवडीनं बघा. पण कोपऱ्यात थोरला दिवे मिचकावत पडला होता आणि ते मला बघवेना. कान थोरल्यानंच पिळायचा, पंगतीत पहिलं पान थोरल्याचं, सातबाऱ्यावर पहिलं नाव थोरल्याचं, अशा घरात वाढलेला मी माणूस. धाकटा राबतोय आणि थोरला जागेवर नाही, हे असं मागं टाकून लग्नाला जायचं म्हणजे चप्पल उलटी टाकून देवळात शिरल्यासारखं वाटायला लागलं.

“एवढं थोरल्याला जागेवर बसवतो तात्या, मग निघू.”

“आवो, धाकटं वढतंय की.”

“वढतंय. पण थोरला तो थोरला.”

ह्यावर तात्यांनी वाद घातला नाही. तेही तसल्याच घरातले.

अकाउंट खात्यातल्या एका बंद कॉम्प्युटरचा वीजडबा काढून मी थोरल्याला बसवला. थोरला उठला, टिकला. मग राहिलेलं त्याच्या कानावर घालायला सुरुवात केली. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत होती. ती भरली की संपलं. पण धाकट्यामागं धक्क्याचं अख्खं काम. तो जेवढं थोरल्याला सांगायचा, तेवढ्यात दोन टेम्पो नवे लागायचे आणि सांगायचं वाढायचं. पट्टी अशी सरकत होती, जशी कडक उन्हात म्हैस. मी खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि तिच्याकडं बघत बसलो. पंख्याचा वारा होता. मशीनच्या खोलीत कायम गारवा असतो. आदल्या दिवसांची जाग्रणं होती, दोन वर्षांची उधारी होती.

“सायेब,” तात्या म्हणाले, “ऊन भिंतीवर गेलं.”

मी डोळे उघडले. पट्टी केव्हाच भरून संपलेली. थोरला केव्हाचा ‘हाय, हाय’ करत बसलेला. त्याला सगळं कळलेलं, तो कामाला तयार, आणि त्याच्याकडं काम सोड म्हणून पाटकऱ्याला सांगणारा माणूस खुर्चीत घोरत पडलेला.

“उठवायचं न्हाय व्हय तात्या!”

“मला वाटलं, डोळं मिटून काय हिशेब चाललाय तुमचा. मधी बोललं तर चुकंल.”

मी थोरल्याकडं थोडं काम सोडलं. टिकला. निम्मं सोडलं. टिकला. दोन्ही चाऱ्यांना पाणी सुरू झालं. डेअरीत तसा स्वच्छ, पुस्तकात छापावा असा फेलबॅक मी परत कधी केला नाही. बघायला अर्थातच कुणी नव्हतं.

बाहेर आलो तर सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकलेला. कारखान्यांचे दिवस; रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला मागं दोन दोन ट्रॉल्या. तात्यांनी मोटारसायकल कधी साइडपट्टीवरून, कधी लोकांच्या बांधावरून घातली. मी मागं बसून एकच घोकत होतो, फेरे झाले नसतील, फेरे झाले नसतील. अक्षता चुकल्या तरी चालतील. मला अक्षता नको होत्या, मला कान हवा होता.

मांडवात पोचलो तेव्हा वाजंत्री थांबलेली, खाली अक्षतांचा सडा, आणि मधे होमापाशी नवरानवरी उभी. फेरे चालू आहेत! मी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी ओरडलं, “आला गं थोरला!” बायकांनी वाट दिली. अंगावर सकाळची हळद, शर्टाला दुधाचा आंबूस वास, डोक्यात धूळ. मला समोर फक्त मुंडावळ्या दिसत होत्या आणि त्यांच्या मागं तो उजवा कान. मी पोचलो, धरला आणि पिळला. चिमूटभर पिळायचा असतो. मी दोन वर्षांच्या सगळ्या चुकलेल्या कार्यक्रमांसकट पिळला.

नवरदेव खरोखरच ओरडले. “आवो, कितीदा!”



मग मला दिसलं. नवरदेवांच्या मागं माझा भाऊ उभा होता. डोक्याला केशरी फेटा. नवा, कडक, नुकता बांधलेला.

“ह्ये काय पाव्हणं?” नवरदेवाचे मामा पुढं आले. “आमच्यात कान येकदाच पिळत्यात. तुमच्यात भाव आसतील तेवढ्यांदा पिळत्यात का?”

“फेटं बी तेवढं मागत्याल आता,” मागून एक जण.

नवरदेवाचा कान लाल झाला होता. आण्णांचा चेहरा त्याहून. एवढ्या तेवढ्यावरून वऱ्हाड न जेवता गेल्याचं आमच्या भागानं पाहिलेलं आहे. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण दमलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेवढंच निघतं. मी म्हणालो, “माफ करा मामा. मला कुणी सांगितलंच न्हाय.”

आणि खरंच नव्हतं सांगितलं. उठून आलेल्याला आधी राहिलेलं सांगायचं आणि मगच काम द्यायचं, हे मी सबंध दुपार एका मशीनसाठी पाळत बसलो होतो. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. ‘आला का?’ ‘आलो.’ की वाट मोकळी.

भावानं डोक्याचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला. “घे दादा. तुझाच हाय. आण्णा म्हणत हुतं, थांबू आजून. भटजी घाई करत हुतं. मग हीच म्हणली मला, तू पिळ.”

मी बहिणीकडं पाहिलं. बसून राहीन म्हणाली होती ती. मुंडावळ्यांच्या आडून तिनं माझी नजर चुकवली नाही. हळूच म्हणाली, “किती येळ बसायचं दादा? पाय दुखाया लागलं.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं मामांकडं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामा, दोनदा पिळला त्ये बरंच झालं. ह्येंला येकदा सांगून कळतंय का, मला आजून कुठं ठावं हाय?”

आधी करवल्या फुटल्या. मग बायका, मग वाजंत्रीवाले. मामांनी मिशी आवळून धरली, पण ती हललीच. नवरदेवांनी कानावर हात ठेवला आणि तेही हसले. तेव्हाचा तो हात अजून खाली आलेला नाही.

फेटा भाऊ अजून माझ्यापुढं धरून उभा होता. मी त्याच्या डोक्यावर परत ठेवला. वाकडा बसला, त्यानंच सरळ केला. “ऱ्हाऊ दे,” मी म्हणालो, “चाललंय ते बरं चाललंय.” थोड्या वेळानं आण्णांनी माझ्या गालावरची सकाळची हळद उपरण्यानं पुसली, जोर लावून, लहान मुलाचं नाक पुसतात तशी.

मग मी कामाला लागावं म्हणून बाह्या सरसावल्या, तर मांडवात मला करायला काहीच नव्हतं. वाढायला माणसं, पाण्याला माणसं, आहेराला माणूस. भावानं सगळीकडं माणूस नेमलेला. मी पहिल्याच पंगतीला बसलो, आणि बुंदी तोंडात असतानाच मला डुलकी आली असं लोक सांगतात. पाठवणीला मात्र मी जागा होतो. बहीण भावाच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्या. भावाच्या गळ्यात जास्त वेळ. ते रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बाजेवर पडलो होतो. भाऊ शिडीवर चढून मांडव सोडत होता. मोटारसायकलचा आवाज आला. तात्या. ह्या वेळी त्यांनी पोह्यांची वाट पाहिली नाही.

“थोरलं पडलं, सायेब.”

“धाकटा?”

“वढतोय.”

“मग वढू दे. आठवडाभर थोरल्याला हात लावायचा न्हाय. मी सोमवारी येतो.”

मी कूस बदलली आणि डोळे मिटले.

“आयकलं का आण्णा?” वरून, शिडीच्या टोकावरून भावाचा आवाज. “धाकट्यालाच वढू दे म्हणतोय दादा. मंजी मांडव बी म्या येकट्यानंच सोडायचा व्हय?”

मी उठलो आणि खालून बांबू धरला.